इंजिन बसेपर्यंत

“पाय उचल, अनसा,” आत्ती मागच्या बाकावरून म्हणाली.

“उचललाय, आत्ती.”

“मग पळतीया कशी?”

ते मला ठाऊक असतं तर काय हवं होतं. माझी चप्पल अॅक्सिलेटरवरून केव्हाच सुटली होती, अंगठा हवेत होता. तरी समोरचा काटा चाळिसाची रेघ ओलांडून पुढं सरकत होता. घाई नाही, गडबड नाही. मांजर दुधाकडं सरकतं तसा. दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीचा शाळू उभा होता. पौष सरत आला होता आणि ताटं वाळायला लागली होती. वाऱ्यानं पानाला पान घासलं की वाटायचं, रानात माणसं दडून बसलीत आणि आपल्याबद्दलच बोलतायत. भर दुपार. सडकेवर चिटपाखरू नव्हतं.

मी ब्रेककडं पाय नेला, तशी आत्ती म्हणाली, “ब्रेक नगं. दचकवू नगंस. विहीर आली की आपसूक थांबंल.”

कोणाला दचकवू नको, हे मी विचारलं नाही.

गावकुसाबाहेरच्या विहिरीपाशी गाडी खरंच मंदावली. आत्ती मागच्या दारानं उतरली, पदर सावरत पुढं आली आणि माझ्या डाव्या हाताचं पुढचं दार तिनं उघडलं. त्या बाजूची सीट रिकामी होती. रिकामी म्हणजे आत्तीनंच ती रिकामी ठेवलेली. निघताना मी म्हटलं होतं, “पुढं बसा की,” तर ती नुसती मान हलवून मागं चढली होती. आता ती उघडं दार धरून उभी राहिली. मान कलती, एक कान पुढं, चुलीवरचं दूध वर येतंय का ऐकावं तशी. बराच वेळ उभी होती. मग एक सुस्कारा टाकून तिनं दार लावलं आणि परत मागं जाऊन बसली.

“चल माघारी.”

परतताना गाडी शेळीसारखी आली. पाय दाबीन तेवढीच चालली, उचलीन तिथं थांबली.

आज माझ्या दारात तिसरी गाडी उभी आहे आणि बोरनाळ ते बाजारगाव या सडकेवरचा खड्डा न् खड्डा मला नावानं ओळखतो. पण ही गोष्ट पहिल्या गाडीची.

ती जीप माझ्या नवऱ्याची, मायाप्पाची. तो वडाप चालवायचा. बोरनाळची माणसं आणि कोंबड्या, शेरडं, भाजीच्या पाट्या बाजारगावाला पोचवायच्या आणि संध्याकाळी माघारी आणायच्या. “मायाप्पाची गाडी म्हंजे वारा,” असं लोक म्हणायचे आणि तो ते ऐकून अजून जोरात सोडायचा. त्याला सगळ्याची घाई. जेवायची घाई, हसायची घाई. मला गाडी शिकवली तीही घाईतच. बॅटरी उतरली की धक्का मारायला एक माणूस लागायचं आणि चाक धरायला एक. धक्का तो मारायचा, चाक मी धरायची. तशीच शिकले.

एका बाबतीत मात्र तो घाई करत नसे. एकदा एका म्हाताऱ्याचं धोतर दारात अडकलं होतं आणि ते कळायच्या आत गाडी हलली होती. म्हातारा वाचला, पण त्या दिवसापासून मायाप्पानं नेम केला, की उतरलेल्या माणसानं गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या. उतरलो, आता जा. थापा पडल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. एक बाई डोक्यावर कोथिंबिरीची पाटी घेऊन उतरली, हात मोकळे नव्हते, तर हा आरशात बघत बसून राहिला. शेवटी तिनं कंबरेनंच पत्र्याला दोन दणके दिले. सगळी गाडी हसली. तिला हसू येईना, पण पुढच्या खेपेला तीही मजेत कंबर मारूनच गेली.

त्याच्या आदल्या वर्षी बिरोबाच्या जत्रेला जीप नवी कोरी होती. इंजिन अजून बसलं नव्हतं, आतलं लोखंड एकमेकाला सरावलं नव्हतं. दस्तगीर मिस्त्रीनं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, मायाप्पा, अजून ओझं घालू नको, अजून पळवू नको. पण जत्रा का दर आठवड्याला येते? टपावर, फूटबोर्डावर, बॉनेटवर माणसं बसवून त्यानं गाडी सोडली. काळ्या ओढ्याच्या उताराला आत इंजिन जाम झालं. चाकं जागच्या जागी आवळली. ओढ्यावरच्या फरशी-पुलाच्या अलीकडं शिवंचा दगड आहे, गावाची हद्द सांगणारा, त्यावर गाडी आदळली. माणसं मुका मार खाऊन का होईना, आपल्या पायांनी उतरली. तो उतरला नाही. त्याला उतरवून घ्यावं लागलं.

गाडी वर्षभर दस्तगीरच्या शेडमागं उभी होती. पत्रा ठोकून घेतला, नवं इंजिन बसवलं. माझा दीर बिरा दारात उभा राहून म्हणाला, “वैनी, गाडी मला द्या. मी ड्रायवर ठेवतो. बाईच्या हातात गाडी, आन त्यात अशी गाडी. कोण बसंल?”

“मी बसंन,” आत्ती म्हणाली. आत्ती म्हणजे माझी सासू, तानूबाई. मायाप्पाची आणि बिराचीही आईच.

“तू बसून इंजिन बसतं का, आई?”

“बसतंय का न्हाई ते बगू.”

बिरानं जरा विचार केला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला माझ्यावर भरवसा नव्हता. “बरं. पहिलं तेल उतरस्तवर वैनींनी चालवावी. दस्तगीर म्हणला इंजिन धड हाय, तर गाडी तुमची. त्यानं मान हलवली, तर चावी माझ्याकडं.”

माझ्या पदरात मूल नव्हतं. गाडी गेली असती तर बोरनाळमध्ये माझं म्हणावं असं आत्तीवाचून काही उरत नव्हतं. भावाच्या दारात जाऊन वहिनीच्या चुलीपुढं बसणं एवढंच पुढं दिसत होतं.

दस्तगीरनं चावी दिली ती आम्हा दोघींना समोर बसवून. हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं न् म्हणाला, “वैनी, आत पिस्टन हाय, त्याच्या भवती लायनर. दोन्ही लोखंड, दोन्ही नवं, दोन्ही अडेल. घासून घासून एकमेकाची सवय लागाया पायजे. तवर चाळिसाच्या वर न्हायी. ओझं न्हायी. चढाला कण्हायला लावायचं न्हायी, आन हुबी ठेवून नुसती घुर्र घुर्र करायची न्हायी. एकाच चालीनं बी न्यायची न्हायी. जरा दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं. आतली सगळी घासणूक तेलात उतरती. ते पहिलं तेल काढून टाकलं, की इंजिन बसलं.”

“मग हे जातंच की रं,” आत्ती म्हणाली.

“काय म्हणता मौशी?”

“नव्या जात्याला हलका घास घालायचा. हात हिसकायचा न्हाई. आन पहिलं पीठ कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं न्हाई, त्यात कच असती.”

दस्तगीर हसला. “मग मी हितं कशाला बसलोय? मौशीलाच मिस्त्री करा.” मग हसू आवरून म्हणाला, “आजून एक. हे कंपनीच्या कागदावर नसतंय. ज्याच्या पायाखाली इंजिन बसतं, त्याची चाल त्याला जलमभर लागती. मागनं किती बी ड्रायवर बदला, गाडी त्याच्याच चालीनं जाती. म्हणून म्हणतो, या दिवसांत दुसऱ्या कुणाला चाकावर बसू देऊ नका.”

आत्तीनं त्याच्याकडं टक लावून पाहिलं. “दुसऱ्या कुणाची चाल लागली तर?”

“तर ती त्याची गाडी झाली.”

पहिल्या दिवशीचा तो काटा मी दस्तगीरला सांगितला. त्यानं बॉनेट उघडलं, केबल ओढून सोडली, स्प्रिंग बोटानं छेडली. “नवी केबल, नवी स्प्रिंग. लोण्यासारखी चालतीया. सुगीचा हुरडा खाऊन पाय जड झाला आसंल तुमचा.”

“पाय पट्टीवर नव्हताच, भाई. आणि फक्त जाताना पळते. येताना नाही.”

त्याचं हसू तिथंच राहिलं. त्यानं बॉनेट हळूच खाली घेतलं, आपटलं नाही. “जपून न्या,” एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

दुसऱ्या दिवशी आत्तीनं मला उपाय शिकवला. “दाबायचं न् सोडायचं किती, ते मोजत बसू नगंस. मी म्हणते, त्यावर पाय ठेव.” आणि गाडी गावाबाहेर पडताच तिनं मागून ओवी धरली. आवाज थकलेला, पण जात्यावरचा. धारेला पीठ पडावं तसा.

*नव्या ग जात्याला घास घालू थोडा,*
*पाळूच्या कानाशी बोल बोलू गोडा,*
*दारी ग बांधिला उन्हाचा घोडा,*
*हळू चाल.*

तीन चरण चढता दाब, आणि शेवटच्या त्या अर्ध्या चरणाला पाय सुटायचा. जात्याचा खुंटा आपल्याकडं ओढताना जोर, पलीकडं जाताना नुसता हात. तसंच. माझी आई दळताना असंच म्हणायची, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली असायची. पाय आपोआप ओवीला लागला. इंजिनाचा घोगरा सूर ‘हळू चाल’वर खाली यायचा, आत काहीतरी निवल्यासारखा.

पण ओवी थांबली, आत्तीला खोकला आला किंवा पदरानं तोंड पुसलं, की काटा सरकायला लागायचा. आणि त्या वेळी माझ्या डाव्या हाताला, रिकाम्या सीटवर, कुणीतरी पुढं वाकून बसल्यासारखं वाटायचं. घाई झालेल्या माणसासारखं. मी तिकडं बघत नसे.

रोज दुपारी आम्ही निघायचो, कारण त्या वेळी सडक मोकळी असायची. रोज आत्ती मला आदल्या दिवशीपेक्षा पुढं नेऊन थांबवायची. पहिल्यांदा विहीर. मग पाण्याची टाकी. मग शेरडांचा कोंडवाडा. मग एकटा कडुनिंब. प्रत्येक ठिकाणी उतरायची, पुढचं दार उघडायची, कान देऊन उभी राहायची, आणि सुस्कारा टाकून दार लावायची. विचारलं तर म्हणायची, “तू इंजिनाकडं बग.”

कडुनिंबाच्या अलीकडं गेनू आबाचं शेत होतं. म्हातारा माळ्यावर उभा राहून गोफणीनं पाखरं हाकायचा. एका दुपारी आम्ही जाताना वरनं हाक आली, “तानूबाय, तिघंजणं कुनीकडं गं?”

मी चाक घट्ट आवळलं. आत्ती मात्र शेजारणीशी बोलावं तशी मान बाहेर काढून म्हणाली, “जाऊन येतो हितंच.”

परतताना आबा गोफण गुंडाळत उभा होता. “दोघीच? एकाला कुठं सोडलं?”

“आबा, डोळ्यात फूल पडलंय तुमच्या,” मी ओरडून म्हणाले. “दोघीच होतो.”

“आसंल बाबा,” तो म्हणाला. “ऊन मोप हाय.” आणि पाखरं नसलेल्या रानात त्यानं एक दगड भिरकावला.

त्या दिवशी अंगणात गाडी लावली आणि मी चाकावरून हात काढले नाहीत.

“आत्ती, एक विचारते. खरं सांगा.”

“विचार.”

“तुम्ही त्यांना गाडीत बसवताय. रोज दार उघडून बसवताय.”

ती मागच्या दारानं उतरली.

“दस्तगीरभाईंनी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंय. ज्याची चाल लागली त्याची गाडी. तुम्हाला तुमचा ल्योक पाहिजे, मला कळतं. मलाबी पाहिजे होता. पण ही गाडी त्यांच्या चालीनं गेली तर कुठं जाऊन थांबंल, हे काय सांगायला पाहिजे? माझं सोडा. पाठीमागं माणसं बसणारेत, आत्ती. लेकुरवाळ्या बसणारेत.”

आत्ती अंगणातल्या जात्यापाशी जाऊन बसली. तळहातानं तिनं पाळूवरची, वरच्या दगडावरची, धूळ पुसली. तिचे डोळे कोरडेच होते.

“नव्या जात्यानं एका दिवसात दळत न्हाई कुणी,” ती म्हणाली. “एका दमात झालं आसतं तर म्या एका दमात केलं नसतं व्हय? तुला जे दिसतंय ते दिसू दे. पाय तेवढा ओवीवर ठेव.”

मला तिचं उत्तर उमगलं नाही. उमगलं ते एवढंच, की ती थांबणार नाही. रात्रभर मला मायाप्पाचा राग येत राहिला. जिवंतपणी माणूस दोन घटका घरात टिकला नाही, आणि आता उतरायचं नाव घेईना.

मग पहिलं तेल उतरवायचा दिवस आला. बिराही शेडवर येऊन उभा राहिला, हाताची घडी घालून. दस्तगीरनं खालचं बूच काढलं. तेल काळं, दाट, गरम असं डब्यात उतरलं. त्यानं दोन बोटांत ते चोळलं आणि उन्हात धरलं. बोटांवर चांदीचा वर्ख लावल्यासारखी बारीक चमक होती.

“कच न्हाय?” आत्तीनं विचारलं.

“मैद्यावानी हाय. एक कण टोचत न्हायी.” दस्तगीर बिराकडं वळला. “इंजिन धड हाय. असं बसलेलं इंजिन म्या बगितलं न्हायी.”

बिरानं घडी सोडली. “मग गाडी वैनीची,” तो म्हणाला. त्याला जरा लाज वाटल्यासारखं दिसलं. “उद्या बाजार हाय. पहिल्या खेपेला मी बसतो पुढं. मी बसलो की गाव बसंल.”

मला आनंद व्हायला हवा होता. पण दस्तगीर फडक्यानं एकेक बोट पुसत माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “वैनी, बसलंय खरं. पर चाल कुणाची लागलीया, ते उद्या ओझं घातल्यावर कळंल. जाताना आजून पळती का?”

“पळते.”

त्यानं आभाळाकडं बघितलं आणि फडकं परत खांद्यावर टाकलं.

आत्ती तेलाचा डबा उचलत होती.

“ते कशाला मौशी? फेकून देतो मी.”

“पहिलं पीठ हाय,” आत्ती म्हणाली. “कुठं टाकायचं ते मला म्हाईत हाय.”

त्याच दुपारी आम्ही निघालो. कडुनिंबाशी आत्ती थांब म्हणाली नाही. गेनू आबाचा माळा मोकळा होता. शाळू दोन्ही बाजूंनी सडकेवर वाकल्यासारखा दिसत होता. पुढं काळ्या ओढ्याचा उतार. जत्रेच्या दिवसापासून मी तिथवर आले नव्हते.

“आत्ती, तिथं नको.”

“तिथंच. उद्या माणसं घिऊन जाशील ती कुठनं जाशील? सडक एकच हाय.”

उतार लागला आणि गाडीनं उसळी घेतली. काटा सरकला नाही, उडाला. चाळीस मागं पडलं, पन्नास मागं पडलं. माझा पाय वर, दोन्ही हात चाकावर, आणि तरी इंजिन असं गर्जत होतं जसं कुणी पट्टी तळापर्यंत दाबून धरली आहे. डाव्या बाजूचं दार खडखडत होतं. ब्रेक दाबला तर पायाखाली तो दगडासारखा कडक लागला. समोर फरशी, फरशीच्या अलीकडं शिवंचा दगड. त्याचा एक कोपरा अजून फुटलेला होता.

“आत्ती, म्हणा! काहीतरी म्हणा!”

आत्तीनं ओवी धरली. मोठ्यानं नाही. गाडी एवढी गर्जत असताना ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, तान्ह्या पोराच्या कानाशी म्हणतात तशी. *नव्या ग जात्याला घास घालू थोडा.* मला पाय वर ठेवायचा होता. पण पाय ओवीला सरावला होता. तो पट्टीवर गेला आणि मी पहिल्यांदा त्या गर्जण्याच्या जोडीनं दाबलं. *बोल बोलू गोडा.* माझ्या पायाखाली दुसरा पाय असल्यासारखा लागला. त्याला माझा पाय लागला असावा. *उन्हाचा घोडा.* आम्ही दोघंही दाबत होतो.

*हळू चाल.*

मी पाय उचलला. आणि माझ्याबरोबर तोही उचलला गेला.

इंजिनाचा सूर खाली आला. ब्रेक मऊ पडला. गाडी रडून दमलेल्या पोरासारखी हुंदके देत शिवंच्या दगडापाशी येऊन थांबली.

आत्ती उतरली. एका हातात डबा. पुढं येऊन तिनं डावं दार उघडलं. या वेळी ती कान देऊन नुसती उभी राहिली नाही. ती रिकाम्या सीटकडं बघून बोलली.

“उतर, मायाप्पा.”

शाळू सळसळत होता.

“घरापासनं रोज थोडं थोडं आणलं तुला. विहिरीला आणलं, टाकीला आणलं, निंबाला आणलं. रोज उतरायचास आन दिवस मावळस्तवर माघारी येऊन बसायचास. निरोप दिल्याबिगर कोण जातं व्हय, म्हणून मी बी रागावले न्हाई. त्या दिशी लोकांनी उतरवलं तुला. तू कुठं उतरलास? आता शिव आली. हितनं पुढं गाडी तिची हाय. तुझ्या घाईनं ती गेली तर म्या कुणाच्या तोंडाकडं बगू?”

तेव्हा मला कळलं, की आत्ती त्याला कधी बसवतच नव्हती. मी चाकाकडंच बघत राहिले.

तिनं डबा शिवंच्या दगडावर रिता केला. काळं तेल फुटक्या कोपऱ्यावरून ओघळलं आणि त्यातली बारीक चांदी उन्हात क्षणभर चमकली. ती दगडाशी वाकून पुटपुटली. ओवीच होती, पण चाल दळणाची नव्हती, पाळण्याची होती.

*शिवंच्या दगडा, उघड दार,*
*लेकरू आणिलं, उतरव भार,*
*आईच्या पान्ह्याची सरली धार,*
*उतर बाळा.*

मग तिनं सीटवरची नसलेली धूळ पदरानं झटकली आणि ती स्वतः पुढं, माझ्या शेजारी चढून बसली. दार लावून घेतलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

“लाव गेर,” ती म्हणाली. “पर सोडू नगंस आजून.”

मी गियर टाकला. क्लचवर पाय. इंजिन चालू होतं, पण एवढं हलकं, की मला माझाच श्वास ऐकू येत होता. आत्तीनं मान कलती केली, एक कान पुढं. आत्ता मला समजलं ती रोज दार धरून कशाची वाट बघत होती.

शाळू एकाएकी गप झाला. एकही पान हलेना. समोरच्या काचेवर एक माशी बसली होती, तीही बसूनच राहिली.

आणि गाडीच्या मागच्या पत्र्यावर, डाव्या अंगाला, दोन थापा पडल्या.

मोकळ्या हाताच्या, ओळखीच्या. सावकाश मारलेल्या.

मी आत्तीकडं पाहिलं. तिचे दोन्ही हात पदरात होते. डोळे मिटलेले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“मागं बगू नगंस,” ती म्हणाली. “चल आता. दाब.”

“चाळिसाच्या पुढं, आत्ती?”

“इंजिन बसलंय की गं.”

मी क्लच सोडला. फरशी ओलांडली, चढ ओलांडला. पुढं माळाची सडक बाजारगावापर्यंत दोरी आखल्यासारखी पडली होती. आत्तीनं डोळे पुसले, दाराला एक हात टेकला आणि मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती अशी ओवी धरली. जात्यावर बाई भावाचं नाव घेते, लेकाचं घेते. सुनेचं नाव ओवीत घेणारी सासू मी तोवर पाहिली नव्हती.

*काळ्या ग रानात पांढरी वाट,*
*शाळूच्या ताटांनी धरले काठ,*
*अनसा लेकीचा बघा ग थाट,*
*जाऊ द्या.*

काटा चाळिसाची रेघ ओलांडून पुढं गेला. या वेळी पाय माझा होता.